‘कोणाबरोबर’ हा रकाना

अनसूयाबाई हेर्लेकर यांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या रूळ आणि लाल शाई घेऊन एका वहीवर रेघा मारत होत्या. गोवा मुक्त झाल्यानंतरचा जून महिना होता. मी पेठ वडगावहून वडिलांबरोबर कोल्हापुरात आले होते. कॉलेजात नाव घातले होते, राहण्याची सोय व्हायची होती. मुलींच्या त्या बोर्डिंगचे ऑफिस म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर एक घड्याळ. बाईंनी मला कोणते विषय घेतलेस ते विचारले, आईला वाचता येते का ते विचारले आणि अर्जावर सही केली. वडील मात्र खुर्चीच्या कडेवर अवघडून बसले होते. त्यांचा प्रश्न अजून व्हायचा होता.

“बाई, पोरींना भाईर सोडतासा का?”

“नाही,” बाई म्हणाल्या. वडिलांचा चेहरा उजळला. तेवढ्यात बाई पुढे म्हणाल्या, “सोडत नाही. त्या जातात. सोडायला त्या म्हशी आहेत का?”

वडील मोठ्याने हसले. “म्हस असती तर येवढा घोर न्हवता की, बाई. म्हस सांजच्याला आपली आपण घरला येती.”

“ही पण येईल,” असे म्हणून बाईंनी ती वही माझ्यापुढे सरकवली.

तिला आम्ही ‘बाहेरची वही’ म्हणत असू. बोर्डिंगच्या फाटकातून बाहेर पडण्यापूर्वी प्रत्येक मुलीने तीत लिहायचे, असा नियम होता. पूर्वीच्या वहीत पाच रकाने होते: नाव, कुठे, कोणाबरोबर, गेल्याची वेळ, आल्याची वेळ. बाईंनी सूत्रे हाती घेतली त्या दिवशी त्यांनी ‘कोणाबरोबर’ या रकान्यावर पानोपान लाल रेघ ओढली, आणि ती वही संपल्यावर नवी आखताना तो रकाना आखलाच नाही. माझ्यापुढे आली ती ही चार रकान्यांची वही. त्या चार आणि पाचांमध्ये बाईंचे सारे आयुष्य आहे, हे तेव्हा कळण्याचे माझे वय नव्हते.

यंदा बाईंना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. बोर्डिंगच्या जुन्या विद्यार्थिनी आणि संस्था मिळून हा गौरवग्रंथ काढत आहेत, आणि बाईंच्या बोर्डिंगमधील कार्यावर मी लिहावे असे ठरले. दैनिकाच्या कचेरीत वीस वर्षे ठरल्या वेळी ठरल्या लांबीचा मजकूर देण्याची सवय असल्यामुळे मी लगेच होकार दिला. नंतर बाईंची संमती घेण्यासाठी उचगावला गेले. निवृत्तीनंतर बाई तिथे भाच्याकडे राहतात. त्या म्हणाल्या, “शालनचं लिहिणार असशील तर लिही. नाहीतर माझा गौरव करू नका.”

समितीतील काही सदस्यांना हे पसंत नव्हते. मंगल प्रसंगी जुन्या गोष्टी कशाला, असे त्यांचे म्हणणे. त्यांचा मान राखून मी एवढेच सांगितले की लेख मिळेल तर शालनसह मिळेल. आपल्या हातून एक मुलगी गेली हे कुठेतरी छापील अक्षरांत राहावे, ही बाईंची या वयातली एकमेव मागणी आहे. ती नाकारून त्यांच्या गळ्यात हार घालणे मला जमणार नाही.

बाईंचे पूर्वायुष्य पुष्कळांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगते. लग्नानंतर दोन वर्षांतच त्यांना वैधव्य आले. मिठाच्या सत्याग्रहाच्या दिवसांत त्या विशीच्या होत्या. एका सकाळी सत्याग्रहींच्या तुकडीत जाण्यासाठी त्या उंबरा ओलांडू लागल्या, तेव्हा सासऱ्यांनी विचारले, “कोणाबरोबर निघालीस?” बाई म्हणाल्या, “देशाबरोबर.” त्या दिवशी सुटलेले घर त्यांना पुन्हा मिळाले नाही. पुढे सहा महिने तुरुंगात गेले. ही हकिकत आम्ही मुली त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा मागून घेत असू. “देशाबरोबर” या शब्दापाशी आमच्या अंगावर काटा येई. बाई सुरुवातीला ती रंगवून सांगत. पुढे पुढे त्या हात झटकून म्हणू लागल्या, “विशीत उत्तरं फार चटकदार सुचतात. सासऱ्यांना झोप लागली नसेल आठ दिवस, ते कुणी विचारत नाही.”

देश स्वतंत्र झाला आणि काही वर्षांनी बाई बोर्डिंगवर आल्या. दाराला कुलूप आणि वहीत पाच रकाने बघून त्यांना काय वाटले असेल, याची कल्पना त्यांनी संस्थेच्या सेक्रेटरींना दिलेल्या उत्तरावरून येते. सेक्रेटरी आप्पासाहेब हे सज्जन गृहस्थ होते. शाहूपुरीत त्यांचे दुकान होते आणि रोज सकाळी ते बोर्डिंगवर चक्कर टाकीत. नव्या वहीत रकाना कमी बघून त्यांनी विचारले, “बाई, एक रकाना कुठं गेला?”

“आप्पासाहेब, मी तुरुंगात होते तेव्हा तिथं असा एक रकाना असायचा. कोण आलं, कोणाबरोबर आलं. तुरुंग सोडून आणखी कुठं तो असावा असं मला वाटत नाही.”

“पण उद्या काही झालं तर?”

“मुली खोटं लिहीत नाहीत तोवर काही होत नाही. आणि त्यांना खोटं लिहायची पाळी येऊ नये म्हणूनच तो काढलाय.”

त्या काळी शहरातल्या इतर वसतिगृहांतल्या मुली वहीत ‘देवळात’ लिहून सिनेमाला जात. आमच्या वहीत ‘सिनेमा’ असेच लिहिलेले असे. एकदा एका मुलीने ‘कुठे’ या रकान्यात ‘उगीच’ असे लिहिले होते, आणि बाईंनी त्याखाली लाल शाईने ‘छान’ असे लिहिले. आपण खरे लिहितो याचा आम्हाला गर्व होता. बाईंना आमच्याहून जास्त होता.

बाईंच्या मायेचा एक प्रसंग सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. पदवी मिळाल्यावर मला दैनिकाच्या कचेरीतून मुलाखतीला बोलावणे आले. तिथे तोवर एकही स्त्री नव्हती. मी बाईंना बरोबर चला म्हणाले. त्या म्हणाल्या, “मी आले तर नोकरी मलाच देतील. तू जा.” मी रागावून एकटीच गेले. दीड तास मुलाखत चालली, नोकरी मिळाली. ती कचेरी शाहूपुरीत एका पानपट्टीसमोर आहे. पुढे कितीतरी दिवसांनी त्या पानपट्टीवाल्याने मला विचारले, “त्या म्हाताऱ्या बाई कोन हो तुमच्या? तुम्ही पैल्यांदा आलासा त्या दिशी छत्री घिऊन दीड तास हितं उभ्या हुत्या. बसा म्हटलं तर बसंनात.” बाईंना मी हे कधी विचारले नाही. त्यांनीही कधी सांगितले नाही.

नोकरी लागल्यावरही दोन वर्षे मी बोर्डिंगमध्येच राहत होते. शालन तेव्हा माझ्या खोलीत होती. पंचगंगेपलीकडच्या एका गावची, शेतकऱ्याघरची मुलगी. अभ्यासात बरी, हसण्यात पहिली. कॉलेजातला एक मुलगा तिला आवडत असे. तो तिच्या जातीचा नव्हता. हे मला माहीत होते, बाईंना माहीत नव्हते, कारण तो रकाना वहीत नव्हता.

एका रविवारी दुपारी तिचे चुलते आणि थोरला भाऊ बोर्डिंगवर आले. मी व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत बसले होते, त्यामुळे पुढचे सगळे माझ्यासमोर घडले.

“आमची शालन कुटाय?” चुलत्यांनी विचारले.

“बाहेर गेली आहे. सातला येईल.”

“कुणासंगं गेलीया?”

“ते आम्ही विचारत नाही,” बाई म्हणाल्या.

चुलते भावाकडे बघून हसले. “ऐकलंस न्हवं? ह्यास्नीबी ठावं न्हाय. पोरी जात्यात कुटं, करत्यात काय, कुणाला पत्त्या न्हाय. गावात लोक बोलत्यात ते खरंच हाय म्हणायचं की मग.”

हे बाईंना लागले. माझ्यावर काहीही बोला, माझ्या मुलींवर नको, असा त्यांचा स्वभाव. त्यांनी कपाटातून वही काढली, ते पान उघडले आणि वही त्या दोघांच्या बाजूला फिरवली. “आमच्या मुली काही लपवत नाहीत. बघा, स्वतःच्या हातानं लिहून गेली आहे.”

भावाने ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचले. “रंकाळा. संध्यामठाच्या अंगाला.” मग त्याने डोक्यावरची टोपी सारखी केली. “बरं झालं, बाई. हुडकायची पाळी न्हाय आली.”

ते दोघे निघून गेले. बाईंच्या चेहऱ्यावर समाधान होते. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्याही, “बघितलंस? खरं लिहिलं की समोरच्याचं तोंड बंद होतं.” मी वर्तमानपत्र टाकून उठले. शालन कोणाबरोबर गेली आहे ते मी बाईंना सांगितले. बाई तशाच, चप्पल न घालता, फाटकाबाहेर पडल्या. मी टांगा बघायला धावले. आम्ही रंकाळ्याच्या तलावावर पोचलो तेव्हा संध्यामठापाशी भेळवाला होता, चार पोरे होती आणि कट्ट्यावर एक तुटका चष्मा पडला होता. चष्मा त्या मुलाचा होता. भेळवाल्याने मान वळवून घेतली.

शालनच्या ओळीतला ‘आल्याची वेळ’ हा रकाना कोरा राहिला. दुसऱ्या दिवशी चुलते येऊन तिची ट्रंक घेऊन गेले. पंधरा दिवसांत निपाणीच्या बाजूला एका गावात तिचे लग्न झाले. त्या मुलानेही कॉलेज सोडले.

बाईंना कोणी दोष दिला नाही, हे मला आज अधिक भयंकर वाटते. आप्पासाहेब म्हणाले, पालक आपली मुलगी घेऊन गेले, त्यात आपण काय करणार. मुलीही हळूहळू विसरल्या. बाई मात्र रोज ते पान उघडून बघत. सहा महिन्यांनी, दोन गाड्या बदलून आणि पुढे कोसभर चालून, त्या शालनच्या सासरी गेल्या. तिथे काय झाले ते त्यांनी मला एकदाच सांगितले.

घरात सासू होती. तिने कानडीत “बा अव्वा”, ये बाई, म्हणून बसायला घोंगडे टाकले. चहा आला. शालन चुलीजवळून उठून दारापर्यंत आली आणि तिथेच उभी राहिली. डोक्यावरचा पदर हाताने धरलेला. बाईंनी तब्येत विचारली, तिने मान हलवली. मग तिने विचारले, “बाई, कोणाबरोबर आलासा?”

बाईंना वाटले ती थट्टा करते आहे. बोर्डिंगची आठवण काढते आहे. त्या हसल्या. शालन हसली नाही.

“एकटीच आले गं.”

शालनने आत सासूकडे बघितले आणि आवाज उतरवून म्हणाली, “एकट्या येत जाऊ नका, बाई. हितं लोक बोलत्यात, माझं नाव होतंय मग.”

हे सांगून झाल्यावर बाई म्हणाल्या, “कुसुम, मी त्या मुलींना दार उघडून दिलं. दाराबाहेर काय आहे ते बघितलंच नाही. देश स्वतंत्र झाला म्हणजे रस्ताही झाला असेल, असं धरून चालले.”

परत आल्यावर बाईंनी नवी वही आखायला घेतली. तिच्यात पाच रकाने होते.

त्या दिवशी मी बाईंशी आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचे भांडले. एका शालनसाठी बाकीच्या मुलींच्या पायात बेडी घालता का, असे काहीसे मी म्हणाले. बाईंनी मला बोलू दिले. रेघ पुरी केली, शाई टिपली, आणि म्हणाल्या, “रकाना असता तर शालननं त्यात खोटं लिहिलं असतं. ‘मैत्रिणीबरोबर’ असं. मी तेच तिच्या भावाला दाखवलं असतं. तो बसून राहिला असता सातपर्यंत, आणि ती सातला आली असती.” त्यांनी रूळ पुढच्या रेघेवर ठेवला. “मी त्यांची खोटं लिहायची जागा काढून घेतली होती. ती परत देतेय.”

संध्याकाळी त्यांनी सगळ्या मुलींना प्रार्थनेनंतर थांबवले. म्हणाल्या, “उद्यापासून ‘कोणाबरोबर’ या रकान्यात सगळ्यांनी ‘बाईंबरोबर’ लिहायचं. कुणीही असो, कुठंही असो.” एक धीट मुलगी म्हणाली, “पण बाई, तुम्ही तर हितंच असता की.” बाई म्हणाल्या, “ते तुला ठाऊक आहे. वहीला ठाऊक नाही.”

सत्यासाठी तुरुंगात गेलेल्या बाईंनी वयाच्या साठीकडे झुकताना चाळीस मुलींना खोटे लिहायला शिकवले. संस्थेच्या अहवालात ही नोंद कुठेही सापडणार नाही, म्हणून इथे करते.

पुढे आठ-नऊ वर्षे बाई त्या वहीप्रमाणे दर रविवारी रंकाळ्यावर, सिनेमाला, शाहूपुरीत कापडाच्या दुकानात आणि ग्रंथालयात एकाच वेळी असत. प्रत्यक्षात त्या फाटकाजवळ खुर्ची टाकून घड्याळाकडे बघत बसलेल्या असत. एकदा एका मुलीचे वडील अवेळी आले. वहीत ‘बाईंबरोबर’ बघून ते निर्धास्त झाले आणि म्हणाले, “मग बसतो की. बाईंचीबी गाठ पडंल.” बाई तेव्हा स्वयंपाकघरात होत्या! दारावरच्या मावशींनी आत जाऊन कानात सांगितले. बाई धान्याच्या कोठीत शिरल्या आणि दोन तास ज्वारीच्या पोत्यांमध्ये बसून राहिल्या. मुलगी येताना दिसल्याचे मावशींनी सांगितले तशा मागच्या दाराने निघून, गल्लीला वळसा घालून, तिच्या खांद्यावर हात ठेवून पुढच्या दाराने आत आल्या. पदराला कोंडा लागला होता. वडील म्हणाले, “बाई, लई दमलासा वाटतं.” बाई म्हणाल्या, “फार चालवते हो तुमची मुलगी.”

ही गोष्ट बोर्डिंगमध्ये वर्षभर पुरली. मुली ती सांगून पोट धरून हसत. बाईंनी मला सांगितले तेव्हा त्या हसल्या नव्हत्या. “चोरासारखी बसले होते,” म्हणाल्या. “तुरुंगातसुद्धा कधी अशी बसले नाही. तिथं निदान मान वर होती.”

आणीबाणी आली. आमच्या कचेरीत मजकूर आधी दाखवून आणावा लागे आणि परत येताना त्यातल्या ओळी कमी झालेल्या असत. एकदा एक अख्खा रकाना कोरा सोडून अंक निघाला. त्या दिवशी मी बोर्डिंगवर गेले तेव्हा बाई अंक पुढे घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, “कोरा सोडलात ते बरं केलंत. पण जपून. कोरी जागा दिसली की तिथं काय होतं ते शोधत माणसं थेट संध्यामठावर जातात.”

थोड्याच दिवसांत तपासणीची पाळी त्यांच्यावर आली. आप्पासाहेबांनी वही तपासायला घेतली. सहा रविवारांची पाने त्यांनी टेबलावर पसरली. “बाई, परवाच्या रविवारी चार वाजता तुम्ही चार ठिकाणी होतासा.”

“या वयात पाय चालतात अजून,” बाई म्हणाल्या.

आप्पासाहेबांना हसू आले होते, पण त्यांनी ते दाबले. “आता शिस्तीचे दिवस आहेत. उद्या कुणी बोट दाखवलं तर संस्था अडचणीत येईल. तुमचंही वय झालंय.” निरोपाचा समारंभ रीतसर झाला. शाल, श्रीफळ, दोन भाषणे. भाषणांत बाईंच्या स्वातंत्र्यलढ्यातील सहभागाचा गौरवाने उल्लेख झाला. उत्तरादाखल बाईंनी नुसते हात जोडले आणि बसल्या.

आज बोर्डिंगची नवी इमारत आहे. कुंपणाच्या भिंतीवर काचा बसवल्या आहेत. बाहेरची वही आता छापखान्यातून आखून येते. तीत सहा रकाने आहेत; सहावा पालकांच्या लेखी परवानगीचा. मी ती वही बाईंना दाखवायला नेली नव्हती, पण हा लेख लिहिताना त्यांनी विचारले आणि मला सांगावे लागले. त्यांनी ऐकून घेतले. “एक काढला, एक परत घातला, त्यांनी वर एक वाढवला,” त्या म्हणाल्या. “म्हणजे बेरीज करून बघ मी काय केलं ते. गौरव कसला करता गं?”

समजुतीचे एखादे वाक्य मला व्यवसायामुळे कधीही सुचते, पण बाईंपुढे ते उच्चारण्याची सोय नाही. त्यांच्या मुली शिकल्या, नोकऱ्या करतात, हे खरे आहे. त्यांपैकी कितीजणी संध्याकाळी कुणालाही न सांगता उगीच बाहेर पडू शकतात, हे जिने तिने आपल्याशी बघावे. मी पडू शकत नाही.

लेखाचा पहिला खर्डा मी बाईंना वाचून दाखवला. त्यात ‘बाईंनी मुलींना स्वातंत्र्य दिले’ असे एक वाक्य होते. बाईंनी हात वर केला. “ते काढ. द्यायला माझ्याजवळ होतं कुठं?” मी काढले. दुसरी गोष्ट नावाची. शालन हे त्या मुलीचे खरे नाव नव्हे. खरे छापले तर त्या घरात तिचे पुन्हा नाव होईल. आता तिची मुले मोठी झाली आहेत आणि माझ्या दोन पत्रांना उत्तर आलेले नाही. बाईंची इच्छा खरे नाव यावे अशी होती. शेवटी त्या म्हणाल्या, “नको. राहू दे. म्हणजे तिच्या नावाच्या रकान्यातसुद्धा आपण खोटंच लिहिलं. लिही.”

बाईंच्या सध्याच्या दिवसांविषयी लिहून थांबते. भाचेसून वसुधाताई त्यांचे सगळे मनापासून करतात. मागच्या वर्षी बाई एस.टी. स्टँडवर पाय घसरून पडल्या. तेव्हापासून त्यांनी एकटे जाऊ नये असे डॉक्टरांनी सांगितले आहे. पायात चप्पल घातली की स्वयंपाकघरातून हाक येते, “आत्या, कोणाबरोबर निघालासा?” विचारण्यात जाच नाही, काळजीच आहे. बाईंनाही ते कळते, म्हणून त्यांना रागावताही येत नाही. पूर्वी सासऱ्यांवर रागावता आले होते.

दीड महिन्यापूर्वी एका गुरुवारी दुपारी कचेरीत माझ्या नावाने फोन आला. उचगावच्या कोपऱ्यावरच्या दुकानातून वसुधाताई बोलत होत्या. “कुसुमताई, आत्या तुमच्याबरोबर आहेत न्हवं? दोन वाजता गेल्यात. तुमच्याबरोबर रंकाळ्यावर जाते म्हणाल्या.”

माझ्यापुढे प्रुफे होती. बाईंना मी त्या आठवड्यात बघितलेही नव्हते.

“हो,” मी म्हणाले. “माझ्याबरोबरच आहेत. समोरच बसल्यात. सहापर्यंत येतील.”

फोन ठेवला. त्या पुन्हा कुठे पडल्या असतील तर, गाडीखाली सापडल्या असतील तर, हे खोटे जन्मभर माझ्या मानेवर बसेल. खिडकीशी जाऊन उभी राहिले. पुन्हा टेबलाशी आले. त्या दिवशी मी एकही प्रूफ धड तपासले नाही. घड्याळ बघत होते. फाटकाजवळच्या खुर्चीत बाई आठ-नऊ वर्षे दर रविवारी कशा बसत असतील ते मला त्या तीन तासांत कळले. सहा वाजून दहा मिनिटांनी पुन्हा फोन वाजला. बाई होत्या. “पोचले गं,” एवढेच म्हणाल्या. कुठे गेला होता ते मी विचारले नाही.

हे छापले तर ती वाट बंद होईल, वसुधाताई वाचतीलच, असे मी बाईंना म्हणाले. बाई म्हणाल्या, “छाप. तुझ्या एकटीवर किती भार टाकू? मला अजून पुष्कळ मुली आहेत.”

म्हणून हा ग्रंथ हाती घेणाऱ्या बोर्डिंगच्या सगळ्या जुन्या मुलींना एक विनंती. अनसूयाबाईंना उदंड आयुष्य लाभो, त्यांचे गुडघे शेवटपर्यंत त्यांना घेऊन जावोत, आणि ज्या ज्या वेळी त्या बाहेर पडतील त्या त्या वेळी परत आल्याची वेळही लिहिली जावो. तोवर आपल्यापैकी कुणाच्याही घरी, कचेरीत, शेजारच्या दुकानात उचगावहून फोन येईल. बाई कोणाबरोबर आहेत, असे विचारतील. काय सांगायचे ते त्यांनीच आपल्याला प्रार्थनेनंतर थांबवून शिकवले आहे.